नागावची पानं, खाडीपलीकडे

निवृत्त झाल्यापासून नव्याने भेटणारा प्रत्येक जण विचारतो, ‘मॅडम, तुम्ही नक्की काय काम करायचात?’ कृषी खात्यात होते म्हटलं की पुढचा प्रश्न सातबाऱ्याचा असतो. सातबारा तलाठी देतो. माझं काम पानं उलटी करून बघण्याचं. कीड बहुतेक वेळा पानाच्या खालच्या अंगाला बसते, तिथे ऊन कमी, पाऊस कमी आणि माणसाची नजर तर अजिबात नाही. एकतीस वर्षं मी ती खालची बाजू बघितली. अर्धी नोकरी वाकून, कारण सोयाबीन कमरेएवढं. उरलेली मान वर करून, कारण नारळ. कंबर आणि मान, दोन्ही दुखणी नोकरीतच कमावलेली आहेत.

आमचं गाव रोह्याच्या आतल्या अंगाला, भातशेतीचं. घरात पदवी घेतलेली मी पहिली. बाबा कंपनीत हेल्पर होते आणि लावणीला रजा टाकून गावी यायचे. पोरगी शिकली म्हणजे चिखलातून सुटली, असं त्यांनी धरलं होतं. पहिल्या पगारात मी गमबूट आणले. ते बघून म्हणाले, ‘एवढं शिकून परत चिखलच का?’ मी म्हटलं, ‘बूट तरी आहेत.’ नंतर ते बूट त्यांनीच धुऊन उन्हात उलटे ठेवले.

पहिली नेमणूक मराठवाड्यात, सोयाबीनच्या पट्ट्यात. तिथे तेव्हा पिवळा मोझॅक पसरत होता. पान हिरवं-पिवळं चितकबरं होतं, शेंगा धरतात पण भरत नाहीत. हा रोग पांढरी माशी एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेते. माशी म्हणजे घरात असते ती नव्हे, तांदळाच्या कणीहून लहान, झाड हलवलं की धुरासारखी उडते. दर हंगामात पिवळा पट्टा एखाददुसरा तालुका पुढे सरकायचा. आमच्याकडे फवारणीचं छापील वेळापत्रक होतं. मी नवी, पदवीचा ताठा अंगात, ते वेळापत्रक मी चावडीवर मोठ्या आवाजात वाचून दाखवायची.

माणिकराव नावाचे एक शेतकरी होते. सगळं रान त्यांनी माझ्या तारखांप्रमाणे फवारलं, पाच वेळा. शेजारच्याला सवड झाली नाही म्हणून त्याचं एकदाच झालं. भाद्रपदात माणिकरावांचं रान आधी पिवळं पडलं. ते मला बांधावर घेऊन गेले. आवाज चढवला नाही. म्हणाले, ‘मॅडम, तुम्ही सांगितलं तसंच मारलं. मग माशी माझ्याच रानात का जास्त?’

मी म्हटलं, ‘हवामान.’

खरं उत्तर मला पुढे दोन वर्षांनी कळलं. माशीला खाणारे लहान लहान कीटक रानात असतात. औषधाने ते आधी मरतात आणि माशी उरते, मग तिला रान मोकळं. हे सांगायला मी माणिकरावांकडे परत गेले नाही. बदली झाली, असं कारण मी स्वतःला देते, पण बदलीला अजून आठ महिने होते.

त्यानंतर बरीच वर्षं गेली आणि मी रायगडात आले. नारळ-सुपारीचं काम माझ्याकडे आलं, अलिबाग ते श्रीवर्धन. एका वर्षी दसऱ्यानंतर नागावहून वत्सलाकाकूंचा फोन आला. काकूंची समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर वाडी आहे, शंभरेक माड. यजमान गेल्यापासून त्या एकट्याच बघतात, आणि वाडीत बांधलेल्या चार खोल्या पर्यटकांना देतात.

‘मॅडम, माडातून गोड पाणी गळतंय,’ त्या म्हणाल्या. ‘पावण्यांची पांढरी गाडी काळी झाली. तो मला म्हणतो, काकू, तुमच्याकडं झाडाखाली राहायचं का डांबराच्या पिंपात?’

मी दुसऱ्या दिवशी गेले. एक झावळी उतरवून घेतली आणि तिचं एक पातं उलटं केलं. पानाच्या पाठीवर पांढऱ्या मेणाची गोल गोल वेटोळी होती, कुणी पिठाने रांगोळीची सुरुवात करून सोडून द्यावी तशी. ही वेगळी पांढरी माशी, नारळावरची. तिची पिल्लं रस शोषतात आणि चिकट गोड पाणी सोडतात. ते खालच्या पानांवर, केळीवर, जास्वंदीवर, गाडीवर पडतं आणि त्यावर काळी बुरशी धरते. माड मरत नाही. पण काजळलेल्या पानाला ऊन मिळत नाही, फळ रोडावतं, आणि वाडी बघवत नाही.

ती कुठून आली? मोठ्या वादळात माड आडवे झाल्यावर बाहेरून रोपांचे टेम्पो आले होते. बंगलेवाल्यांनी शोभेचे पाम आणले होते. त्यांतल्या एखाद्या पानाखाली बसून आली असेल. माशी स्वतः लांब उडत नाही. तिला माणूस नेतो.

हे वाक्य मी प्रत्येक सभेत सांगायची, आणि सांगताना माझ्या हातात काय असायचं ते आता लिहिते.

माझी एक पद्धत होती आणि तिचा मला अभिमान होता. मी कधी चित्र दाखवत नसे. सहकारी मोबाइलवर फोटो दाखवायचे, त्यांना मी हसायची. शेतकऱ्याला जिवंत कीड हातात दिली पाहिजे, त्याने पान उलटं करून स्वतः बघितलं पाहिजे, तर तो घरी जाऊन शोधतो. त्या नोव्हेंबरात मी काकूंच्या वाडीतली दोन झावळ्यांची टोकं कापली, स्कूटरवर पायांपाशी उभी ठेवली आणि गावोगाव फिरले. मुरूडच्या बाजूला तीन सभा घेतल्या. आगरदांड्याला स्कूटर फेरीबोटीत चढवली, खाडी ओलांडली आणि दिघीला उतरले. बोटीवर वारा होता आणि पानं फडफडत होती. एका माणसाने विचारलं, ‘सत्यनारायण हाय का मॅडम?’ मी हसले.

दिघीपलीकडच्या ज्या गावात सभा होती, तिथेच काकूंची मुलगी प्रमिला दिलेली. तिची सासरची वाडी सुपारीची, कडेने पंचवीस-तीस तरणे माड, बहुतेकांच्या झावळ्या हाताला लागतील असे. सभा तिच्याच अंगणात झाली. तिचा नवरा नरेश वाडी बघतो. त्याने माझ्या हातातून पान घेतलं, बघितलं, बायकोला दाखवलं. मग ते पान माडाच्या बुंध्याशी टेकवून ठेवलं आणि आम्ही चहा प्यायलो.

इकडे नागावात काकूंना मी एकच सांगितलं होतं, फवारू नका. खोल्यांजवळच्या केळी आणि जास्वंदीवर तांदळाची पातळ खळ मारा. खळ वाळली की पापुद्रा सुटतो आणि काजळी घेऊन पडतो. काकूंनी ते मन लावून केलं. पण माड साठ फुटांचे, तिथे खळ कोण चढवणार? आजूबाजूच्या वाड्यांनी वाट बघितली नाही. हसुराम हा तिथला नारळ पाडणारा गडी. त्याने मोटारीचा पंप आणि लांब पाईप घेतला होता आणि तो वाडीमागून वाडी फवारत होता. पंधरा दिवस बरं दिसायचं, मग माशी दुप्पट. लोक पुन्हा हसुरामला बोलवायचे.

नाताळाच्या आधी काकूंचा निरोप आला, ‘सोमवारी हसुरामला सांगितलंय. तुमी येऊ नका, तुमाला बघून मला न्हाय म्हणता येनार न्हाय.’

त्याआधी दोनच दिवस प्रमिलाचा फोन आला होता. त्यांच्या माडांवर पांढरी वेटोळी दिसली होती. मी जाऊन बघून आले होते. सगळ्यात जास्त कीड त्याच माडावर होती, ज्याच्या बुंध्याशी नरेशने माझं पान ठेवलं होतं. हे मी तिथे कुणाला सांगितलं नाही. बोटीत बसून परत आले आणि त्या रात्री जेवले नाही.

सोमवारी सकाळी मी नागावला गेले. हसुरामने पाईप पसरला होता, पिंपात औषध कालवायचं बाकी होतं. काकू ओटीवर उभ्या.

‘आलात,’ त्या म्हणाल्या. ‘दीड म्हयना तुमच्या शब्दावर काढला. परवापासून चारी खोल्या भरल्यात. आता काय सांगनार?’

‘काही सांगत नाही. बघा.’

मी हसुरामला एक झावळी उतरवायला सांगितली. कुरकुर करत तो चढला. मी एक पातं उलटं करून काकूंच्या हातात दिलं आणि वर भिंग धरलं. पांढऱ्या मेणात काही ठिपके काळे होते.

‘ह्या माशीच्या पिल्लांच्या पोटात दुसऱ्याचं अंडं आहे,’ मी सांगितलं. ‘एक बारीक गांधीलमाशी असते, टाचणीच्या टोकाएवढी. माणसाला चावत नाही. ती पिल्लाच्या पोटात अंडं घालते, पिल्लू काळं पडतं, मरतं. आतून नवी गांधीलमाशी निघते तेव्हा गोल भोक पडतं. माशी जिवंत निघाली तर भोक नसतं, चीर असते. तुम्ही भोकं मोजा.’

काकूंनी चष्मा वर केला आणि खूप वेळ मोजलं.

‘सात,’ त्या म्हणाल्या.

हसुराम वाकून बघत होता. ‘काकू, एवड्याशा किड्यावर तुमी वाडी सोडनार?’

‘तू गप रे. मॅडम, हे किती झाडांवर?’

‘खाली पडलेल्या झावळ्या मी तपासल्यात. तुमच्याकडे अकरा झाडांवर सापडले. शेजारी एकाही नाही. तिथे फवारलंय. औषधाने हेच आधी मरतात.’

‘आनि माझ्या पमीकडं?’

‘तिच्याकडे माशी आहे. हे काळे अजून नाहीत.’

‘मग तिला कुठून मिळनार?’

‘इथूनच. दुसरीकडे कुठे उरलेत असं मला वाटत नाही.’

काकूंनी पातं माझ्या हातात परत दिलं. मग हसुरामला म्हणाल्या, ‘पाईप गुंडाळ.’

‘आनि पावने?’

‘गाड्या रस्त्यावर लावतील. इचारलं तर सांगीन, सरकारी किडं हायत. सरकारी म्हटल्यावर कोन हात लावीत न्हाय.’

हसुराम पाईप गुंडाळताना म्हणाला, ‘माझा धंदा बुडवलात, मॅडम.’ मी म्हटलं, ‘तुला दुसरं काम देते. जानेवारीत आपल्याला खाडीपलीकडे जायचंय.’

नाताळात काकूंच्या दोन खोल्या रिकाम्या झाल्या. एका कुटुंबाने टेबलावर पडलेला चिकटा बघून पैसे परत मागितले आणि काकूंनी दिले. मला हे त्यांनी सांगितलं नाही, हसुरामने सांगितलं.

जानेवारीत आम्ही पानं नेली. ह्या वेळी कशी नेली तेही सांगते, कारण हे काम दिसतं तेवढं सोपं नाही. पहाटे थंडीत माशी सुस्त असते, तेव्हा पाती काढायची. काळे ठिपके जास्त असलेलीच पाती घ्यायची. बसलेल्या माश्या रंगाच्या ब्रशने झटकायच्या, नवी अंडी पुसून टाकायची. वीतभर तुकडे करून रुंद तोंडाच्या बरणीत भरायचे आणि वर मलमलीचं फडकं दोऱ्याने बांधायचं. अख्खी झावळी कधीही न्यायची नाही. अशा सहा बरण्या आम्ही केल्या. काकू म्हणाल्या, ‘मीपण येते, पमीकडं गणपतीनंतर गेले न्हाय.’

फेरीबोटीत तिघंही बरण्या मांडीवर घेऊन बसलो. मी मनात ठरवून आले होते.

प्रमिलाच्या अंगणात पोचल्यावर तिने झाडूच्या हिरांचे बोटभर तुकडे केले, आणलेली पाती माडाच्या पानांना टाचायला. नरेश बाजूला उभा होता. त्याचा चेहरा नाराज दिसत होता, कारण शेजाऱ्यांनी पंप मागवला होता आणि त्याला बायकोने अडवलं होतं. मी बरणी खाली ठेवली आणि म्हटलं, ‘आधी एक सांगायचंय. ही कीड तुमच्याकडे बहुतेक मीच आणली. नोव्हेंबरात सभेला उघडं पान घेऊन आले होते. ते ह्या माडाशी ठेवलं होतं. मला कळायला हवं होतं.’

हसुराम आपल्या पायांकडे बघत राहिला.

नरेश म्हणाला, ‘म्हंजे कीड तुमची, आनि आता त्याचं औषदपन तुमचंच?’

‘हो.’

‘मग ह्याच्यातून अजून काय निघालं तर कुनाला धरायचं?’

‘मला धरा.’

तेवढ्यात काकू ओटीवरून उठल्या. ‘थांबा जावईबापू. कार्तिकात मी टेंपोभर झाप धाडलं होतं, इसरलात? हिच्या न्हानीच्या आडोशाला. दर वर्सी धाडते. हिरव्या झावळ्यांचं विणलेलं, माझ्याच माडाचं. पमीचा फोन आला त्या दिवसापासनं मला झोप न्हाय. मी म्हटलं, आपन लेकीच्या वाडीला लावून दिलं, आता कोनत्या तोंडानं सांगू.’

मी काकूंकडे बघितलं. महिनाभर आम्ही दोघी एकमेकींशी रोज फोनवर बोलत होतो, आणि दोघींनी हेच लपवलं होतं. न्हाणीचा आडोसा त्या माडापासून दहा पावलांवर होता. आता माझं पान का काकूंचे झाप, कोण सांगणार?

‘मॅडमचं एक पान,’ काकू म्हणाल्या, ‘माझं टेंपोभर. हिशेब करा.’

‘आई, तू बस,’ प्रमिला म्हणाली. ‘मॅडम, तुमीपन. ऊन चढलं की पानं सुकतील. कुठं टाचायचं ते दाखवा.’

दुपारपर्यंत आम्ही टाचलं. हाताला येणारे माड प्रमिलाने आणि मी घेतले, उंच तेवढे हसुरामने. पायाला दोर लावून तो चढायचा आणि वरून ओरडायचा, ‘हितं लई हाय, हितं दोन द्या.’ फवारणीचा धंदा करणारा माणूस झाडावर किडे सोडत होता. नरेशने मदत केली नाही, पण आडोशाचे झाप त्याने एकेक काढले आणि वाडीबाहेर नेऊन जाळले. जाताना मला म्हणाला, ‘शिमग्यापर्यंत थांबतो. होळी लागली की पंप आननार. मग तुमी फोन करायचा न्हाय.’

मी कबूल केलं.

त्या महिन्याच्या अहवालात एक रकाना होता, प्रादुर्भाव कसा पोचला. त्यात आम्ही सगळे नेहमी ‘वाऱ्यामुळे’ लिहायचो. वाऱ्यावर कारवाई होत नाही. मी लिहिलं, ‘प्रशिक्षणासाठी नेलेले कीडग्रस्त पान, किंवा ओल्या झापांची वाहतूक.’ साहेबांचा फोन आला. ‘मॅडम, निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय. कशाला?’ मी म्हटलं, ‘साहेब, बाकीचे कृषी सहायकही पानं घेऊन फिरतायत. त्यांना हे वाचायला मिळालं पाहिजे.’ ते बरं म्हणाले. पुढे तो अहवाल कुणी वाचला का, मला माहीत नाही. उघडं पान नेऊ नये असं पत्रक काही निघालं नाही. मी माझ्यापुरतं सगळ्यांना फोन करून सांगितलं. काहींनी ऐकलं.

फेब्रुवारी वाईट गेला. ऊन वाढलं तशी प्रमिलाकडे माशी वाढली. दर आठवड्याला ती पान उलटं करून फोटो पाठवायची आणि त्यात सगळं पांढरं असायचं. काळा ठिपका एकही नाही. शेजारच्या वाडीत पंप चालू झाला होता. माझ्या मनात माणिकराव यायचे. तेव्हा फवारा म्हणून चुकले होते, आता फवारू नका म्हणून चुकत नसेन कशावरून? भिंगातून जे दिसतं ते खरं असतं, पण ते एका पानापुरतं. वाडी मोठी असते, आणि ती दुसऱ्याची असते.

काकू रोज विचारायच्या, ‘दिसलं?’ मी सांगायची, ‘नाही.’ मग त्या म्हणायच्या, ‘बघू उद्या,’ आणि फोन ठेवायच्या. त्यांच्या स्वतःच्या माडांची नवी पालवी तोवर बरीच स्वच्छ आली होती. ते त्या मला सांगत नसत, मला बरं वाटावं म्हणून मुद्दाम सांगताहेत असं वाटू नये, एवढ्यासाठी.

होळीला तीन दिवस असताना दुपारी मोबाइल वाजला. फोटो होता, प्रमिलाचा नव्हे, नरेशचा. त्याने मला त्याआधी कधी काही पाठवलं नव्हतं. पानाची पाठ, नखाने दाखवलेली एक जागा, फोटो थोडा हललेला. मी फोटो मोठा करत गेले. काळे ठिपके होते. चार तर स्पष्ट दिसत होते, आणि त्यातल्या दोनांना गोल भोक.

फोटोखाली त्याने लिहिलं होतं, ‘पंपवाल्याला नको सांगितलं. अजून दोन बरण्या मिळतील का, शेजारी मागतोय.’

मी काकूंना फोन लावला. त्या म्हणाल्या, ‘पहाटं या. हसुरामला मी उठवते.’